सर्वांत चांगला स्फटिक कोणता? : लेझरच्या स्फटिकांचा तुलनात्मक अभ्यास

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन काही महिने किंवा वर्षे लोटली की काही वृद्धांना पुन्हा अंधुक दिसू लागते. बसवलेल्या कृत्रिम भिंगामागील नैसर्गिक पडदा गढूळ झालेला असतो. नेत्रतज्ज्ञ कागदावर ‘याग लेझर’ असे दोनच शब्द लिहितात. आजी यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसते, काही मिनिटांत त्या पडद्याला लहानसे छिद्र पडते आणि तिला पुन्हा नातवंडांचे चेहरे स्पष्ट दिसू लागतात. चिरा नाही, टाका नाही. आमच्या पालकवर्गापैकी अनेकांनी आपल्या घरी हे अनुभवले असेल. पुढे कोणाचा मूतखडा लेझरने फोडला जातो आणि त्या कागदावरही ‘याग’ हाच शब्द असतो. कोणाच्या दाताची कीड लेझरने काढली जाते. तेथेही पुन्हा ‘याग’.

विज्ञानाच्या तासाला ही उदाहरणे दिली की विद्यार्थी हमखास विचारतात : हे तिन्ही लेझर एकच आहेत काय? आणि नसतील, तर त्यांतला सर्वांत चांगला कोणता? तासिकेच्या पंचेचाळीस मिनिटांत या प्रश्नांना न्याय देता येत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांची उत्तरे सविस्तर मांडत आहोत.

आश्रयदाता आणि पाहुणा

स्थायू लेझरचा गाभा म्हणजे एक पारदर्शक स्फटिक. तो दोन घटकांनी बनतो. पहिला घटक म्हणजे मूळ स्फटिक. त्याला आपण आश्रयदाता म्हणू. दुसरा घटक म्हणजे त्यात अल्प प्रमाणात मुद्दाम मिसळलेले एखाद्या धातूचे आयन. त्यांना पाहुणे म्हणू. प्रकाश देण्याचे काम पाहुणे करतात. त्यांना जागेवर धरून ठेवणे, त्यांच्या ऊर्जापातळ्यांना वळण देणे आणि कामातून निर्माण होणारी उष्णता बाहेर वाहून नेणे ही आश्रयदात्याची कामे होत.

बाहेरून प्रकाश देऊन आयनाला वरच्या ऊर्जापातळीवर चढवले, की काही काळाने तो आपोआप खाली उतरतो आणि उतरताना प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, सोडतो. वर थांबलेल्या आयनाजवळून नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा फोटॉन गेला, तर तो आयन तत्काळ खाली उतरतो आणि पहिल्यासारखाच दुसरा फोटॉन देतो. या क्रियेला उद्दीपित उत्सर्जन म्हणतात. तिचा सिद्धांत आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडला. एकाचे दोन, दोनांचे चार असे फोटॉन वाढत जातात. स्फटिकाच्या दोन्ही टोकांस आरसे ठेवले की हा प्रकाश पुनःपुन्हा स्फटिकातून फिरतो आणि एकाच दिशेने, एकाच तालात चालणारा झोत तयार होतो. अट एवढीच, की वर थांबलेल्या आयनांची संख्या खालच्यांपेक्षा अधिक असली पाहिजे. ती नसेल तर खालचे आयन जन्मलेला फोटॉन गिळून टाकतात.

तुलनेचे पाच निकष

कोणत्याही दोन वस्तूंची तुलना करण्यापूर्वी माप ठरवावे लागते. लेझरच्या स्फटिकासाठी आम्ही पाच मापे घेतो.

पहिले माप तरंगलांबीचे. निघणारा प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा आहे, यावरून तो कोणत्या पदार्थात शोषला जाईल आणि कोणत्या पदार्थातून पार जाईल हे ठरते.

दुसरे माप जिन्याचे. आयन वरून उतरून ज्या पायरीवर येतो ती पायरी आधीच भरलेली आहे की रिकामी? पायरी भरलेली असेल तर लेझर सुरू करण्यास फार मोठी ऊर्जा खर्च करावी लागते.

तिसरे माप आयुःकालाचे. आयन वरच्या पातळीवर सरासरी किती वेळ थांबतो? तो जितका अधिक थांबेल तितकी ऊर्जा साठवता येते आणि ती एकाच जोरदार स्पंदात मोकळी करता येते.

चौथे माप तत्परतेचे. फोटॉन जवळून जाताच आयन किती सहज खाली उतरतो? तत्परता अधिक असेल तर थोड्या ऊर्जेतही लेझर सुरू होतो. मात्र सामान्यतः जेथे तत्परता अधिक असते, तेथे आयुःकाल कमी असतो. दोन्ही गुण एकाच स्फटिकात भरपूर मिळणे अवघड.

पाचवे माप उष्णतेचे. दिलेल्या ऊर्जेपैकी किती भाग उष्णता होऊन वाया जातो आणि ती उष्णता स्फटिक किती वेगाने बाहेर टाकतो? तापलेल्या स्फटिकाचा मध्यभाग भिंगासारखा वागू लागतो, झोत बिघडतो आणि शेवटी स्फटिक तडकतोही.

माणिक : पहिला मान

कुरुंद हे नाव आपल्या लोकांना धार लावण्याच्या दगडामुळे ठाऊक आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. त्याचा शुद्ध स्फटिक रंगहीन असतो. त्यात क्रोमियमचे थोडे आयन शिरले की तो लाल होतो आणि आपण त्याला माणिक म्हणतो. लेझरसाठी खाणीतले माणिक घेत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेला, सुमारे ०.०५ टक्के क्रोमियम ऑक्साइड असलेला गुलाबी स्फटिक घेतात.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मालिबू येथील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी बोटाच्या पेराएवढ्या माणकाच्या कांडीतून जगातील पहिला लेझर झोत मिळवला. त्यापूर्वी अनेक जाणकारांनी माणिक या कामाला निरुपयोगी ठरवले होते. माणिक शोषलेल्या प्रकाशापैकी फारच थोडा प्रकाश परत देते, असे एका प्रसिद्ध मापनातून दिसले होते. मेमन यांनी ते मापन स्वतः पुन्हा केले आणि माणकाची क्षमता कितीतरी अधिक असल्याचे त्यांना आढळले. छापून आलेल्या आकड्यावर त्यांनी विश्वास ठेवला असता, तर पहिला लेझर त्यांच्या हातून घडला नसता. विद्यार्थ्यांनी हा प्रसंग विशेष लक्षात ठेवावा.

माणकाचा प्रकाश ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे गडद लाल असतो. त्याचा आयुःकाल सुमारे ३ मिलिसेकंद, म्हणजे चांगलाच दीर्घ आहे. उष्णताही ते चांगली वाहते. त्याचा दोष जिन्यात आहे. क्रोमियमचा आयन वरून उतरतो तो थेट तळमजल्यावर, जेथे बाकी सगळे आयन आधीच बसलेले असतात. त्यामुळे निम्म्याहून अधिक आयन वर चढवल्याशिवाय लेझर सुरूच होत नाही. यास्तव माणकाचा लेझर बहुधा थांबून थांबून, एकेका स्पंदाने चालवतात. तरीही त्याने मोठी कामगिरी केली. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावरून परतलेला प्रकाश ऑगस्ट १९६९ मध्ये लिक वेधशाळेने टिपला, तो माणकाच्याच लेझरचा होता.

निओडिमियम याग : जिन्यावरील रिकामी पायरी

१९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ग्यूसिक, मार्कोस आणि व्हॅन युटर्ट यांनी एक नवा आश्रयदाता पुढे आणला : इट्रियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेट. या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘याग’ हे नाव आले. त्यात इट्रियमच्या सुमारे एक टक्का जागांवर निओडिमियमचे आयन बसवतात.

निओडिमियमचा आयन तळमजल्यावर न उतरता त्याच्या बराच वर असलेल्या एका पायरीवर उतरतो. सामान्य तापमानाला ती पायरी जवळजवळ रिकामी असते आणि उतरलेला आयन तेथून क्षणार्धात तळाशी निघून जातो. म्हणून थोडेसे आयन वर चढवले तरी लेझर सुरू होतो आणि अखंड चालू ठेवता येतो. प्रकाश १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. आयुःकाल सुमारे २३० मायक्रोसेकंद, म्हणजे माणकाहून पुष्कळ कमी, परंतु जोरदार स्पंदासाठी पुरेसा. याग कठीण आहे, टिकाऊ आहे आणि उष्णताही बऱ्यापैकी वाहतो. सर्व निकषांवर मध्यम ते उत्तम गुण मिळवणारा हा स्फटिक कारखान्यांत, रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत रुजला. २२ ऑक्टोबर २००८ रोजी झेपावलेल्या आपल्या चांद्रयान-१ वर चंद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजणारे लेझर उपकरण होते. त्याचा गाभाही निओडिमियम यागचाच होता.

आजीच्या डोळ्याचे रहस्यही येथेच आहे. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश बुबुळावरील पारदर्शक पटल आणि कृत्रिम भिंग यांतून आरपार जातो. गढूळ पडद्यावर तो एकवटतो, तेव्हाच तेथे एवढी तीव्रता निर्माण होते की पडदा सूक्ष्म स्फोटाने फाटतो. वाटेतील भागांना इजा होत नाही.

व्हॅनेडेट आणि वायएलएफ : पाहुणा तोच, घर वेगळे

निओडिमियम दुसऱ्या घरी राहायला गेला की त्याचा स्वभावही पालटतो. इट्रियम व्हॅनेडेट या स्फटिकात त्याची तत्परता यागपेक्षा अनेक पटींनी वाढते. बाहेरून दिलेला प्रकाशही तो जोमाने शोषतो, त्यामुळे काही मिलिमीटरचा तुकडा पुरतो. निघणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. परंतु आयुःकाल घटून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो आणि उष्णता वाहण्याची क्षमता यागच्या निम्म्याहूनही कमी होते. म्हणून लहान, अखंड चालणाऱ्या किंवा अतिजलद स्पंदांच्या लेझरसाठी व्हॅनेडेट पसंत केले जाते. एकेका स्पंदात मोठी ऊर्जा हवी असल्यास ते मागे पडते.

लिथियम इट्रियम फ्लोराइड, अर्थात वायएलएफ, या घरी चित्र नेमके उलटे दिसते. तेथे आयुःकाल वाढून सुमारे ५०० मायक्रोसेकंद होतो, म्हणजे यागच्या दुपटीहून अधिक ऊर्जा साठवता येते. तापल्यावर भिंगासारखे वागण्याचा दोषही यात फार कमी आहे. त्याची १०५३ नॅनोमीटरची तरंगलांबी निओडिमियमयुक्त फॉस्फेट काचेशी जुळते. म्हणून काचेच्या महाकाय लेझरयंत्रणांना सुरुवातीचा स्पंद पुरवण्यास तो उपयोगी पडतो. मात्र हा स्फटिक मऊ व ठिसूळ आहे. जोराने तापवला तर तडकतो.

येथे पालकांसाठी एक सावधगिरीची सूचना. जत्रेत आणि दुकानांत मिळणाऱ्या अनेक हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये व्हॅनेडेटचाच तुकडा असतो. त्यातून निघणारा अवरक्त प्रकाश दुसऱ्या एका स्फटिकात शिरतो आणि अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा होऊन बाहेर येतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी स्वस्त पॉइंटरमध्ये नसू शकते. तो प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. असे पॉइंटर मुलांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नयेत.

यिटर्बियम याग : कमी उष्णतेचा मार्ग

आता घर यागचेच ठेवू आणि पाहुणा बदलू. निओडिमियम यागला आज बहुधा ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश देऊन चालवतात आणि तो १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश परत देतो. या दोन फोटॉनांच्या ऊर्जेतील सुमारे २४ टक्क्यांचा फरक उष्णता बनतो. यिटर्बियम यागला ९४० नॅनोमीटरचा प्रकाश देतात आणि तो १०३० नॅनोमीटरचा परत देतो. फरक फक्त ९ टक्क्यांच्या आसपास. आयुःकालही जवळजवळ एक मिलिसेकंद, म्हणजे निओडिमियमच्या चौपट. शिवाय यिटर्बियमचा आयन आकाराने इट्रियमशी बराच जुळतो, म्हणून तो यागमध्ये हव्या तितक्या प्रमाणात सामावतो.

मग निओडिमियम मागे का पडला नाही? उत्तर पुन्हा जिन्यात आहे. यिटर्बियम ज्या पायरीवर उतरतो ती तळमजल्याला अगदी लागून आहे. सामान्य तापमानाला सुमारे ५ टक्के आयन त्या पायरीवर आधीच बसलेले असतात आणि स्फटिक तापला की त्यांची गर्दी वाढते. म्हणून त्याला तीव्र प्रकाश आणि उत्तम थंडावा दोन्ही लागतात. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठात आडोल्फ गिझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. कांडीऐवजी मिलिमीटरहूनही पातळ चकती घ्यायची आणि तिची एक संपूर्ण बाजू थंड धातूला चिकटवायची. उष्णतेला बाहेर पडण्यास फार अंतर कापावे लागत नाही. जाड पोलादी पत्रे कापणाऱ्या व जोडणाऱ्या शक्तिशाली लेझरमध्ये अशा चकत्या वापरल्या जातात.

टायटॅनियम नील : अल्पायुषी, पण अद्वितीय

पुन्हा कुरुंदाकडे वळू. त्यात क्रोमियमऐवजी टायटॅनियम घातले, की टायटॅनियमयुक्त नील मिळतो. १९८२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत पीटर मोल्टन यांनी त्यापासून लेझर बनवला. घर माणकाचेच, पण आयुःकाल ३ मिलिसेकंदांवरून ३ मायक्रोसेकंदांवर, म्हणजे हजारपटींनी खाली आला. ऊर्जा साठवण्यास तो दुबळा ठरतो. त्याला चालवण्यासाठी बहुधा दुसरा हिरवा लेझर लागतो आणि दिलेल्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग उष्णतेत जातो. या निकषांवर त्याला कोणी उत्तीर्णही केले नसते.

तथापि, त्याच्याजवळ एक अजोड गुण आहे. माणिक एकाच तरंगलांबीला बांधलेले आहे, तर हा स्फटिक साधारण ६५० ते ११०० नॅनोमीटर एवढ्या विस्तृत पट्ट्यात प्रकाश देतो. पट्टा जितका रुंद, तितका स्पंद आखूड करता येतो. या स्फटिकापासून १० फेमटोसेकंदांहूनही आखूड स्पंद मिळतात. एका सेकंदाचे दहा कोटी भाग करावेत आणि त्यांपैकी एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत; तो एक भाग म्हणजे एक फेमटोसेकंद. रेणूंमधील बंध तुटताना पाहणे अशा स्पंदांनी शक्य होते. प्रकाशाची वारंवारता विलक्षण अचूकतेने मोजणाऱ्या ज्या तंत्रासाठी २००५ चे नोबेल पारितोषिक थिओडोर हेन्श आणि जॉन हॉल यांना मिळाले, त्या तंत्राच्या विकासातही हा स्फटिक महत्त्वाचा ठरला.

एकच नाव, तीन कामे

आता प्रारंभीच्या तीन कागदांकडे येऊ. तिन्हींवर ‘याग’ असले तरी ते केवळ आश्रयदात्याचे नाव आहे. डोळ्याच्या यंत्रात पाहुणा निओडिमियम असतो. मूतखड्याच्या यंत्रात होल्मियम असतो. त्याचा सुमारे २१०० नॅनोमीटरचा प्रकाश पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आतच शोषला जातो आणि केसासारख्या बारीक काचतंतूतून थेट खड्यापर्यंत नेता येतो. खडा फुटतो आणि थोड्या अंतरावरील पेशी सुरक्षित राहतात. दात व त्वचेच्या यंत्रात अर्बियम असतो. त्याची २९४० नॅनोमीटरची तरंगलांबी पाणी सर्वाधिक जोमाने शोषते, म्हणून तो केवळ काही मायक्रोमीटर खोल जातो आणि अत्यंत पातळ थर उडवतो. मात्र साध्या काचतंतूतून तो जात नाही. त्यासाठी आरसे बसवलेला सांध्यांचा हात किंवा खास तंतू लागतो.

यांची अदलाबदल केली तर काय होईल, याचा विचार करावा. अर्बियमचा प्रकाश डोळ्यात सोडला तर तो आतल्या पडद्यापर्यंत पोहोचणारच नाही. बुबुळावरील पारदर्शक पटलच जाळील. चांगुलपणा एकट्या स्फटिकात नसतो, तो स्फटिक आणि काम यांच्या जुळणीत असतो, हे येथे डोळ्यांदेखत दिसते.

स्फटिक वाढवावा लागतो

कागदावर सरस ठरलेला स्फटिक प्रत्यक्षात वाढवताही आला पाहिजे. १९१६ साली पोलिश शास्त्रज्ञ यान चोक्राल्स्की यांनी शोधलेली पद्धत आजही वापरली जाते. त्यांनी लिहिता लिहिता टाक दौतीऐवजी वितळलेल्या कथिलात बुडवला आणि बाहेर काढताना त्यामागे धातूचा बारीक धागा आला, असे सांगितले जाते. याग सुमारे १९७० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून मूस इरिडियमसारख्या दुर्मीळ धातूची घ्यावी लागते. रसाला स्फटिकाचा बीजतुकडा टेकवून तो फिरवत फिरवत वर ओढतात. निओडिमियमचा आयन इट्रियमहून मोठा असल्याने स्फटिकात सहज शिरत नाही. रसातील प्रमाणाच्या सुमारे एक पंचमांशच आत जातो. घाई केली तर स्फटिकात दोष राहतात. म्हणून ओढण्याचा वेग तासाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवतात आणि एका मोठ्या स्फटिकासाठी काही आठवडे लागतात. आपल्या देशात इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेझर आणि त्यांना लागणारे स्फटिक या विषयांवर संशोधन चालते. विज्ञानशाखेकडे वळलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी या क्षेत्राची अवश्य माहिती घ्यावी.

तुलनेचे सार

माणिक : दीर्घ आयुःकाल, भरलेली पायरी, लाल रंगाच्या जोरदार स्पंदासाठी.
निओडिमियम याग : सर्व निकषांवर समतोल, बहुतेक सर्वसाधारण कामांसाठी.
निओडिमियम व्हॅनेडेट : तत्परता अधिक, साठवण कमी, लहान व जलद लेझरसाठी.
निओडिमियम वायएलएफ : साठवण चांगली, अंगाने नाजूक, स्थिर व स्वच्छ झोतासाठी.
यिटर्बियम याग : उष्णता सर्वांत कमी, थंडाव्याची गरज मोठी, शक्तिशाली औद्योगिक लेझरसाठी.
टायटॅनियम नील : पट्टा सर्वांत रुंद, आयुःकाल सर्वांत कमी, अतिसूक्ष्म स्पंदांसाठी.
होल्मियम व अर्बियम याग : पाण्यात शोषला जाणारा प्रकाश, वैद्यकीय उपचारांसाठी.

या यादीत प्रत्येक स्फटिक कुठे ना कुठे पहिला आला आहे आणि कुठे ना कुठे मागेही पडला आहे. म्हणून ‘सर्वांत चांगला स्फटिक कोणता?’ या प्रश्नाला आम्ही वर्गात थेट उत्तर देत नाही. ‘कोणत्या कामासाठी?’ एवढे दोन शब्द जोडून प्रश्न पूर्ण करा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. प्रश्न पूर्ण झाला की पाच मापे हाती घेऊन उत्तर त्यांचे त्यांना काढता येते. आणि पालकांनी पुढच्या वेळी रुग्णालयाच्या कागदावर ‘याग’ हा शब्द वाचला, तर डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे : यातला पाहुणा कोणता?